नजरेखालचा उजेड

गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये, अगदी खाली, दोन्ही टोकांना काळ्या प्लास्टिकची दोन गोल झाकणं होती. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला त्या जागी कारखान्यातूनच दिवे येतात. साध्या मॉडेलला जागा ठेवतात, साचा ठेवतात, बोल्टची भोकंही ठेवतात, फक्त दिवे देत नाहीत. गाडी धुताना फडकं त्या झाकणांवरून फिरायचं आणि हात क्षणभर थबकायचा. इथे काहीतरी असायला हवं, हे त्या पोकळीवरूनच कळत होतं. काय असायला हवं ते मात्र कोंढ्याच्या हिवाळ्याने सांगितलं.

कोंढा भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर. शेजारच्या कोसऱ्याला सोबत घेऊन लोक एका दमात ‘कोंढा-कोसरा’ म्हणतात. हा सगळा धानाचा मुलूख. दिवाळीच्या मागेपुढे धान कापून होतं, कडपा वाळतात, पुंजणे रचले जातात, पण बांधीतली ओल तशीच मुरून राहते. त्या ओलीच्या भरवशावर धान उभं असतानाच लाखोरी फेकलेली असते. धान निघालं की खाली तिची बारीक हिरवळ दिसू लागते. जिल्हाभर जुने मालगुजारी तलाव पसरलेले. पलीकडे वैनगंगा, आणि पवनीजवळ गोसीखुर्दचं धरण. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ च्या एप्रिलमध्ये त्याचा पाया घातला गेला. आज नदीकाठी उभं राहिलं की दूरवर नुसतं साठलेलं पाणी दिसतं. जमीन ओली, पाणी भरपूर, रात्री निरभ्र. धुक्याला आणखी काय पाहिजे?

डिसेंबर-जानेवारीतल्या अशा निरभ्र रात्री जमीन दिवसभर साठवलेली ऊब आकाशात सोडून देते. तिला अडवायला वर ढग नसतात. जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार पडते, आणि त्या हवेतली वाफ अतिसूक्ष्म थेंब होऊन तरंगत राहते. वारा अगदी पडलेला असेल तर दव पडून काम भागतं. जोराचा असेल तर काहीच टिकत नाही. झाडाचं पान हलेल न हलेल एवढीच झुळूक असेल तर धुकं जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत आणि मग झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढत जातं. नदीवरचं वेगळं. तिथे पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, म्हणून पाण्यातूनच वाफा निघताना दिसतात. पहाटे पवनीच्या बाजूला जाताना ही दोन्ही धुकी एकमेकांत मिसळतात आणि रस्ता कुठल्या क्षणी शेतातून निघून नदीकडे वळला ते कळतच नाही.

लहानपणी धुकं म्हणजे आनंद होता. शेकोटीभोवती बसून आम्ही तोंडातून वाफ काढायचो. तुरीच्या शेंगा भाजल्या जायच्या. सूर्य वर आला तरी त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता यायचं. शेतकऱ्याला तेवढा आनंद नसायचा. तुरीच्या फुलावर धुई बसली की फूल गळतं, असं म्हणत आजोबा आभाळाकडे बघायचे. आता गाडी चालवायला लागल्यावर धुक्याशी माझं तिसरंच नातं तयार झालं. कुणाला तरी पहाटे भंडाऱ्याच्या रुग्णालयात न्यायचं असतं. कुणाला नागपूरची गाडी पकडायची असते. घरची गाडी म्हणजे गल्लीची गाडी, आणि अशा निरोपाला हवामान बघून हो-नाही म्हणता येत नाही.

दाट धुक्यात पहिल्यांदा जो मोह होतो तो साधा आहे. दिसत नाही, म्हणून माणूस उजेड वाढवतो. हेडलाइट अपरवर टाकतो. आणि होतं ते उलटच. समोरचा रस्ता नाहीसा होतो, बाजूचं बाभळीचं झाड नाहीसं होतं, आणि डोळ्यांसमोर नुसता पांढरा झगझगाट उरतो. दिवा जितका प्रखर, तितकं कमी दिसतं. आयुष्यभर अंधाराला उजेडाने उत्तर द्यायची सवय झालेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. कारण धुकं हा अंधार नाहीच. तिथे उजेडाची कमतरता नसते, उजेडाच्या वाटेत कोट्यवधी थेंब उभे असतात. प्रत्येक थेंब आपल्या वाट्याचा किरण झेलतो आणि चहूकडे उधळतो. त्यातला काही भाग थेट आपल्या डोळ्यांत परत येतो. अपरचा झोत डोळ्यांच्या रेषेतूनच दूरवर जातो, म्हणून परत येणारा उजेडही त्याच रेषेतून येतो.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी फार सुंदर विचार केला आहे. फॉग लाइट म्हणजे जास्त ताकदीचा दिवा, असा सर्रास समज असतो. तसं नाही. हॅलोजनचा फॉग लाइट साधारण हेडलाइटएवढाच, ५५ वॅटचा असतो. वेगळेपण त्याच्या जागेत आणि झोताच्या आकारात आहे. तो बंपरच्या खाली, रस्त्याच्या जवळ बसतो. त्याचा झोत रुंद असतो, चपटा असतो, आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यागत संपतो. त्या रेषेच्या वर उजेड जवळजवळ नाहीच. खळं सारवताना आजी शेणकाला जसा जमिनीला धरून दोन्ही हातांनी बाजूला पसरवत न्यायची, तसा हा उजेड पसरतो. तो धुक्याच्या पोटात शिरत नाही, धुक्याच्या पायाखालून जातो. चालवणाऱ्याची नजर त्याच्या वर राहते. मधल्या थेंबांवर उजेड पडत नाही, म्हणून ते थेंब चमकत नाहीत, आणि त्यांच्यातून खालची डांबराची कड, पांढरी पट्टी, साइडपट्टीचा मुरूम दिसत राहतो. लांबचं काही दिसत नाही. जवळचं नीट दिसतं. हा दिवा तेवढंच कबूल करतो.

रंगाबद्दलही असाच एक जुना समज आहे. पिवळा उजेड धुकं भेदतो, असं ट्रकवाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे सांगतात. फ्रान्समध्ये कित्येक दशकं, १९९३ पर्यंत, गाड्यांना पिवळेच हेडलाइट लावायचा नियम होता. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात, की निळा काय, पिवळा काय, सगळ्यांना ते जवळपास सारखंच विखुरतात. आकाश निळं दिसतं ते हवेच्या, त्याहून कितीतरी बारीक कणांमुळे. धुकं पांढरं दिसतं, त्यातच याचं उत्तर आहे. तरीही पिवळा दिवा डोळ्याला बरा वाटतो, हे खरं. निळ्या उजेडाचा झगझगाट डोळ्याला जास्त टोचतो, पिवळ्या काचेत तो निळा गाळला जातो. म्हणजे पिवळा रंग धुक्यावर काही करत नाही, करतो तो आपल्या डोळ्यांवर. मला हे समजलं तेव्हा पिवळ्या दिव्याबद्दलचं माझं प्रेम कमी झालं नाही. मी पिवळेच घेतले.

नागपूरहून दिवे आणले. सोबत नव्या जाळीदार झाकणांची जोडी, बल्ब, रिले, फ्यूजचा डबा, स्विच आणि वायर. आमच्या गावात मोटारींचं वायरिंग करणारे एक काका आहेत. ट्रॅक्टरचा सेल्फ म्हणू नका, मळणीयंत्राची मोटर म्हणू नका, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. त्यांच्याकडे सामान दाखवायला नेलं, तर दिव्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वायर बोटांत धरून चुरगळून पाहिली आणि म्हणाले, “दिवा कोणताई लाव, बाबू. वायर जाड घेजो. आग दिव्यातून नाही लागत, वायरीतून लागते.”

या वाक्याचा हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे नऊ अँपिअरच्या वर प्रवाह त्या वायरीतून जाणार. एवढा प्रवाह डॅशबोर्डच्या इवल्याशा स्विचमधून न्यायचा म्हटलं तर स्विच तापणार, वितळणार. म्हणून मध्ये रिले. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, मोठा प्रवाह रिलेच्या आतला जाड संपर्क जोडतो. रिलेच्या बुडाशी चार पाय, त्यांवर बारीक अक्षरांत ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे. ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी, उरलेल्या दोघांवर स्विच आणि अर्थ. हेच आकडे जगभरच्या गाड्यांच्या रिलेवर सापडतात. कोंढ्यात अंगणात बसून मी जे चार पाय जोडत होतो, तेच कुठेतरी जर्मनीतला, ब्राझीलमधला माणूसही जोडत असेल, हा विचार त्या वेळी फार सोबतीचा वाटला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवलं. चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, आतलं प्लास्टिकचं अस्तर बाजूला सारलं आणि खालून हात घालून ती काळी झाकणं आतून ढकलली. इतके दिवस गाडीचा भाग होऊन बसलेली ती झाकणं सहज निघून हातात आली. दिवे त्या खोबणीत बसले. बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवायचे, पूर्ण आवळायचे नाहीत, कारण झोत जुळवायचा बाकी असतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलकटपणाने हॅलोजनची काच तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पुतण्या कागदात धरून एकेक बल्ब देत होता.

वायर ओढणं हे खरं निगुतीचं काम. कंपनीच्या मूळ वायरीला चीर द्यायची नाही, आपली वायर वेगळी चालवायची. ती काळ्या लवचीक नळीत घालायची, जुन्या वायरींच्या सोबतीने न्यायची, रेडिएटरच्या पंख्यापासून आणि गरम नळ्यांपासून दूर बांधायची. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. मध्ये कुठे वायर घासली, तर फ्यूजने आधीच जीव द्यावा आणि गाडी वाचवावी. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून स्विचची बारीक वायर आत घ्यायची, उघड्या पत्र्याच्या कडेवरून कधीच नाही. अर्थची वायर रंगावर कसून चालत नाही. रंग खरवडून खालचं लोखंड लखलखीत करायचं, मग बोल्ट आवळायचा आणि वर थोडं व्हॅसलीन लावायचं, म्हणजे गंज चढत नाही. आणि स्विचच्या वायरीला वीज द्यायची ती पार्किंग लाइटच्या सर्किटातून, म्हणजे मागचे लाल दिवे बंद असताना पुढचे फॉग लाइट एकटे लागूच शकत नाहीत. धुक्यात आपल्याला दिसणं जितकं महत्त्वाचं, तितकंच मागून येणाऱ्याला आपण दिसणंही.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरीचं टोक परत लावलं आणि स्विच दाबला. बॉनेटखाली रिले ‘टक्’ करून वाजला. ज्याने कधी आपल्या हाताने काही जोडलं आहे, त्याला त्या आवाजाची किंमत सांगावी लागत नाही. घरात चार चाकं आली, मोबाइल आले, सगळं आयतं आलं. त्यांच्या आत काय चाललं आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि ते माहीत नसण्याची सवय होऊन जाते. हा एवढासा टक् मात्र मला पूर्ण माहीत होता. कुठली वायर कुठून निघाली, कुठे वाकली, कुठे संपली, डोळे मिटून सांगता आलं असतं.

झोत जुळवायला संध्याकाळ व्हावी लागली. गोठ्याच्या मागच्या भिंतीसमोर सपाट जागा आहे. भिंतीवर दिव्याच्या उंचीएवढी खडूची रेघ ओढली आणि गाडी दहा मीटर मागे घेतली. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण वीतभर खाली यायला हवी. म्हणजे पुढे जाता जाता तो झोत खाली उतरत रस्त्याला टेकतो, समोरच्याच्या तोंडावर जात नाही. एकेक बोल्ट किंचित सैल करून, दिवा केसाएवढा हलवून, परत आवळून आम्ही ती कड रेघेखाली आणली. गोठ्याबाहेर बांधलेली गाय भिंतीवरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बराच वेळ बघत होती.

शेजारचे एक म्हातारे आजोबा काठी टेकत येऊन बसले होते. नव्वदीला टेकलेले. त्यांनी सगळं निमूट पाहिलं आणि म्हणाले, “आमी बंडीखाली कंदील बांधत होतो, तसंच हाय हे.”

मग ते सांगत राहिले. रात्री धान घेऊन जायचं असलं की कंदील बंडीच्या वर टांगायचा नाही, खाली टांगायचा, आखाजवळ. वर टांगला तर हाकणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो आणि पुढचं काही दिसत नाही. खाली टांगला की बैलांचे पाय दिसतात, चाकोरी दिसते, मागून येणाऱ्या बंडीला पुढची बंडी दिसते. धुक्यात तर वरचा कंदील नुसता गोळा होऊन राहतो. बैल वाट ओळखतो, माणसाने फक्त चाकोरी सुटली की नाही एवढं बघायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, बाप करायचा म्हणून ते करायचे. थेंबांच्या आकाराचं गणित, झोताची कापलेली कड, हे सगळं नंतर आलं. उजेड नजरेच्या खाली ठेवायचा, ही गोष्ट या मातीवर रॉकेलच्या कंदिलासकट आधीच कळलेली होती.

त्या हिवाळ्यात आम्ही आमच्या या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक बघायला गेलो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि तेव्हापासून होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्र नाटकाची असते. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या ट्रकमध्ये पडदे, पेट्या, तबला घालून आज या गावी, उद्या त्या गावी. प्रेक्षकांसाठी जमीन खोदून उतरती बैठक केलेली असते. लोक ब्लँकेट पांघरून रात्रभर बसतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागात घराघरात आपलाच मान झाल्यासारखं वाटलं. पूर्वी हा रंगमंच गॅसबत्तीवर चालायचा. आता रंगीत दिवे आहेत, माइक आहेत. पण नाटक संपतं ते पहाटेच, आणि घरी परतायची वेळ म्हणजे धुकं सगळ्यांत दाट असण्याची वेळ. हजारभर माणसं अर्धवट झोपेत, मोटारसायकलींवर, टेम्पोत, पायी, एकाच वेळी त्या पांढरेपणात शिरतात. आणि नटमंडळीही तेव्हाच पुढच्या गावाला निघालेली असतात.

परतताना पिवळे दिवे लावले, हेडलाइट लोअरवर ठेवला आणि काच थोडी खाली घेतली, कारण धुक्यात कानही लागतात. रस्त्याची कड दिसत होती. एवढ्यात उजेडाच्या अगदी टोकाला, रस्त्यालगत, दोन पाय दिसले. मग आणखी दोन. मग चाकाची धाव. वर काहीच नव्हतं, नुसता पांढरा पडदा, आणि खाली तणसाने भरलेली एक बंडी चाललेली. तिला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. आम्ही हळू होतो म्हणून थांबलो. हाकणारा खाली उतरून बैलांच्या सोबत चालत होता. “हळू जाजो रे, पुढं ट्राली उभी हाय,” तो म्हणाला, आणि धुक्यात दिसेनासा झाला. पुढे खरंच धानाने भरलेली ट्रॉली बिघडून उभी होती.

त्या रात्रीपासून त्या दिव्यांकडे बघायची माझी दृष्टी निवळली. दिवे बसवताना मनात होतं ते ‘मला दिसावं’ एवढंच. त्यांनी आधी दाखवले ते दुसऱ्याचे पाय. धुक्यात रस्ता फक्त गाडीवाल्याचा नसतो. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला सायकलवाला असतो, शेतावर बांध बघायला गेलेली पांढऱ्या धोतरातली माणसं असतात, रस्ता ओलांडणारी रानडुकरं असतात, कधी वाट चुकलेली रोही असते. हे सगळे उजेडाच्या वरच्या भागात दिसत नाहीत. ते खाली, जमिनीजवळ, पायांपासून दिसू लागतात.

म्हणूनच धुकं नसताना हे दिवे लावून हिंडणारी गाडी मला खटकते. स्वच्छ रात्री ते कुणाच्याच कामाचे नसतात. ओल्या डांबरावरून त्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत उसळतो. त्याहून वाईट म्हणजे हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात स्वस्तातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब कोंबणं. त्या दिव्याच्या आतला आरसा ठरावीक जागच्या तारेसाठी वळवलेला असतो. बल्ब बदलला की ती कापलेली कड विस्कटते आणि उजेड वर सांडतो. मग ज्याच्यासाठी तो दिवा होता, तेच उरत नाही.

आणि दिवा कितीही चांगला असो, तो अंतर वाढवून देत नाही. हवामान खातं २०० मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट धुकं म्हणतं, ५० मीटरच्या आत आलं की अतिदाट. ताशी ८० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावरसुद्धा थांबायला ५० मीटरहून जास्त घेते, आणि धुक्यातला रस्ता कोरडा नसतो. ताशी ३० वर गाडी सेकंदाला आठ मीटर जाते. पायांची जोडी दिसणं, मनाने ते ओळखणं आणि पायाने ब्रेक दाबणं, हे सगळं त्या आठ-दहा मीटरांत बसवावं लागतं.

तेव्हा दिवे जरूर लावा, जमलं तर स्वतःच्या हाताने लावा, वायर जाड घ्या आणि झोताची कड खाली ठेवा. धुकं उतरलं की अपर बंद करा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, वळताना मागच्याला तुमचं वळण कळत नाही. घरात बंडी असेल, ट्रॉली असेल, तर तिच्या मागच्या फळीवर लाल रेडियमची पट्टी आजच चिकटवा. ती थोडक्या पैशांत मिळते, तिला वायर लागत नाही, आणि कुणाचा तरी पिवळा दिवा तिच्यावर पडला की ती आपणहून उजळते. आणि जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, त्याहून जास्त वेगाने जाऊ नका.